अखंड अनावर्ती क्रमिकेत सर्व अंकगट सापडतात का : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

तृतीय वर्षाच्या गणित गटाने या सत्रासाठी निवडलेला प्रश्न असा आहे : अंकांची एखादी क्रमिका अनंत असेल आणि ती कोणत्याही टप्प्यानंतर आवर्ती होत नसेल, तर कल्पना करता येईल असा प्रत्येक अंकगट तिच्यात कुठे ना कुठे आलाच पाहिजे का? पाय या संख्येविषयी नेहमी असे सांगितले जाते की, तिचे दशांश रूप अखंड अनावर्ती असल्यामुळे तिच्यात प्रत्येकाची जन्मतारीख, प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक आणि अक्षरांना अंक देऊन लिहिलेला प्रत्येक ग्रंथ दडलेला आहे. या विधानाचा निष्कर्ष आणि त्यासाठी दिलेले कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रकल्पात त्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या असे आज ठरले.

कारण टिकत नाही, हे दाखवायला फारसे श्रम पडत नाहीत. ०.१०१००१०००१००००१... या संख्येत दर दोन एकांमधील शून्यांची संख्या एकेकाने वाढत जाते. शून्यांची रांग कोणत्याही ठरावीक आवर्तनापेक्षा लांब होत जात असल्याने हे रूप आवर्ती होऊ शकत नाही. तरीही त्यात २ ते ९ हे अंक कधीच येत नाहीत आणि ११ हा गटही येत नाही. बीजातीत संख्या, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे उत्तर नसलेल्या संख्या, अस्तित्वात आहेत हे लिउव्हिल यांनी १८४४ मध्ये दाखवले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्येत १, २, ६, २४, १२० अशा क्रमगुणित स्थानांवर १ आणि बाकी सर्वत्र ० असतो. म्हणजे संख्या नुसती अपरिमेय नव्हे, तर बीजातीत असली तरीही सर्व अंकगटांची हमी मिळत नाही.

एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला की ही उदाहरणे फार शिस्तीची आहेत आणि खरा प्रश्न बेशिस्त दिसणाऱ्या क्रमिकांचा आहे. त्यावर उपाय सोपा निघाला. पायचे द्विमान रूप घ्यावे आणि ते जणू दशमान आहे असे समजून वाचावे. ही क्रमिका निश्चितपणे अनावर्ती आहे, तिच्यात डोळ्यांना कोणताही नियम दिसत नाही, आणि तिच्यात २ हा अंक येणे शक्यच नाही. पायच्या दशांश रूपातील प्रत्येक ७ खोडून तिथे ८ लिहिण्याची युक्तीही सुचवली गेली होती, पण ती बाजूला ठेवावी लागली. कारण अशा बदलानंतर उरणारी क्रमिका अनावर्तीच राहते, हे आज कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. पायविषयीचे आपले ज्ञान किती तोकडे आहे, याची ही पहिली खूण म्हणता येईल.

१४ जुलै

नॉर्वेचे गणिती आक्सेल थूए यांनी १९०६ आणि १९१२ च्या लेखांत अभ्यासलेली क्रमिका घेतली. ० पासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पायरीला आतापर्यंतच्या अंकांपुढे त्यांचीच, पण ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ० लिहिलेली प्रत जोडायची : ०, ०१, ०११०, ०११०१००१. मार्स्टन मोर्स यांनी १९२१ मध्ये ती दुसऱ्याच संदर्भात मांडली, म्हणून ती आता दोघांच्या नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्यांनी ती संगणकावर तयार करून तिच्यातील वेगवेगळे तुकडे मोजले. तीन अंकांच्या ८ शक्य तुकड्यांपैकी ६ येतात, चार अंकांच्या १६ पैकी १०, आणि आठ अंकांच्या २५६ पैकी केवळ २२.

न येणाऱ्या तुकड्यांत ००० आणि १११ हे पहिले आहेत, आणि त्यांची सिद्धता कार्यक्रम न चालवताही देता येते. क्रमिकेच्या सुरुवातीपासून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या, तर प्रत्येक जोडी ०१ किंवा १० असते. कोणत्याही तीन सलग अंकांत अशी एक जोडी पूर्ण सामावलेली असते. म्हणून तिन्ही अंक सारखे असू शकत नाहीत. थूए यांना याहून बरेच बळकट विधान मिळाले होते : या क्रमिकेत कोणताही गट लागोपाठ तीनदा येत नाही. म्हणजे पुनरावृत्ती टाळण्याची अट जास्तीत जास्त कडक करत गेलो, तर क्रमिका समृद्ध होण्याऐवजी तिच्यातील तुकड्यांची संख्या आणखी आटते. हा मुद्दा अहवालात ठळकपणे यावा असे माझे मत आहे, कारण सर्वसाधारण समजूत नेमकी याच्या उलट असते.

२८ जुलै

अनावर्ती असण्यातून किमान किती मिळते, याचे नेमके उत्तर मोर्स आणि हेडलंड यांनी १९३८ मध्ये दिले. समजा, एखाद्या क्रमिकेत ठरावीक लांबीचे जितके वेगळे तुकडे आहेत, तितकेच त्याहून एक अंक लांब असलेलेही आहेत. मग प्रत्येक तुकड्यानंतर कोणता अंक येणार हे पक्के ठरते, आणि तुकड्यांची संख्या मर्यादित असल्याने क्रमिका कधीतरी स्वतःच्याच वाटेवर परत येऊन आवर्ती होते. म्हणून अनावर्ती क्रमिकेत लांबी एकाने वाढली की तुकड्यांची संख्या किमान एकाने वाढलीच पाहिजे. पण एकापेक्षा जास्त वाढलीच पाहिजे असे मात्र काही नाही.

ही किमान मर्यादा गाठणाऱ्या क्रमिका खरोखर आहेत. ० च्या जागी ०१ आणि १ च्या जागी ० लिहीत गेल्यास ०१००१०१००१००१... ही फिबोनाची क्रमिका मिळते. तिच्यात वीस अंकांचे फक्त २१ तुकडे असतात, तर शक्य असलेले तुकडे १०,४८,५७६ आहेत. अनावर्ती असण्याच्या अटीचे सगळे बळ या २१ मध्ये संपते.

११ ऑगस्ट

आतापर्यंत काय सापडत नाही तेच पाहिले. सर्व काही हमखास सापडेल अशी क्रमिका बांधता येते का, याकडे वळलो. सुरुवात यमाताराजभानसलगम् या सूत्रापासून करावी असे मी सुचवले, कारण वृत्ते शिकताना ते पाठ केलेल्यांनाही त्यातील गणिताची कल्पना बहुधा नसते. लघुला ल आणि गुरूला ग लिहिले, की सूत्र ल ग ग ग ल ग ल ल ल ग असे होते. तीन-तीन अक्षरे सरकत वाचली, तर य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण प्रत्येकी नेमके एकदा मिळतात. आठ गणांसाठी आठ आरंभस्थाने लागतात आणि शेवटच्या गणाला आणखी दोन अक्षरे. म्हणजे दहापेक्षा कमी अक्षरांत हे जमूच शकत नाही. शिवाय शेवटची दोन अक्षरे आणि पहिली दोन अक्षरे लघु-गुरूच्या दृष्टीने सारखीच असल्याने हे सूत्र आठ अक्षरांचे वर्तुळ म्हणूनही बंद करता येते. अशा वर्तुळांची संख्या फ्रान्समध्ये फ्लाय सेंत-मारी यांनी १८९४ मध्ये मोजली होती, आणि डी ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये ती स्वतंत्रपणे पुन्हा मोजल्यावर या रचनांना त्यांचे नाव मिळाले.

गटाने लगेच पुढचा प्रश्न विचारला. हेच सूत्र पुढे वाढवून त्यात चार अक्षरांचे सोळाही प्रकार प्रत्येकी एकदाच येतील, असे एकोणीस अक्षरांचे सूत्र बनवता येईल का? दोन तास कागदावर खटपट करूनही ते जमले नाही, आणि न जमण्याचे कारण पाहण्यासारखे आहे. ग ग ग ग हा प्रकार मिळवायचा तर आधी ग ग ग वर पोहोचावे लागते, आणि तिथे बाहेरून पोहोचण्याची एकमेव वाट म्हणजे ल ग ग ग. मूळ सूत्राने ही वाट सुरुवातीलाच वापरली आणि तिथून ल कडे वळून ती संपवली. तीच वाट पुन्हा वापरली तर ल ग ग ग दोनदा येतो. ल ल ल च्या बाबतीतही असाच अडथळा आहे. बेचर आणि हायबर यांनी २०११ मध्ये सिद्ध केले की दोन चिन्हांच्या कोणत्याही सूत्राला हाच अडथळा येतो, मात्र एक पायरी सोडून त्यापुढच्या पायरीपर्यंत ते वाढवता येते. आणि चिन्हे तीन किंवा अधिक असतील तर प्रत्येक पायरीला वाढ शक्य असते.

याचा अर्थ दहा अंकांसाठी असा होतो : ०१२३४५६७८९ पासून सुरुवात करून १०१ अंकांत दोन अंकांचे सर्व गट, तीच क्रमिका वाढवून १,००२ अंकांत तीन अंकांचे सर्व गट, १०,००३ अंकांत चार अंकांचे, आणि असे कायम चालू ठेवता येते. प्रत्येक लांबीसाठी यापेक्षा लवकर काम संपवणारी क्रमिका असूच शकत नाही. पुढे पायची तुलना करताना हे आकडे मापदंड म्हणून वापरायचे आहेत.

१ सप्टेंबर

केंब्रिजचे विद्यार्थी असताना डेव्हिड चॅम्परनोन यांनी १९३३ मध्ये मांडलेली ०.१२३४५६७८९१०१११२... ही संख्या या प्रश्नासाठी सर्वांत सोयीची आहे. सर्व नैसर्गिक संख्या ओळीने लिहिल्या असल्याने प्रत्येक अंकगट त्यात येतोच; गटाच्या सुरुवातीला शून्य असेल तर आधी १ लावायचा, म्हणजे ००७ साठी १००७ पाहायचा. चॅम्परनोन यांनी सिद्ध केले ते याहून पुष्कळ अधिक आहे : समान लांबीचे सर्व गट तिच्यात दीर्घ पल्ल्यात समान प्रमाणात येतात. अशा संख्येला दशमान पद्धतीत प्रसामान्य म्हणतात. कोपलंड आणि एर्डोश यांनी १९४६ मध्ये मूळ संख्या ओळीने लिहून मिळणाऱ्या ०.२३५७१११३... या संख्येसाठीही हेच सिद्ध केले.

सर्व गट असणे आणि समान प्रमाणात असणे यांत फरक आहे, हे दाखवण्यासाठी गटाने एक बिघडवलेली आवृत्ती तयार केली. चॅम्परनोनच्या क्रमिकेत प्रत्येक संख्येनंतर त्या संख्येइतकी शून्ये घातली. तिच्यात सर्व गट अजूनही आहेत, पण शून्यांचे प्रमाण १०० टक्क्यांकडे सरकत जाते.

मूळ संख्येतही समतोल फार हळू येतो. ९,९९,९९९ पर्यंतच्या सर्व संख्या लिहिल्यावर एकूण ५८,८८,८८९ अंक होतात. त्यात १ ते ९ हे अंक प्रत्येकी ६,००,००० वेळा, तर ० फक्त ४,८८,८८९ वेळा येतो, म्हणजे १० टक्क्यांऐवजी ८.३ टक्के. प्रसामान्य असल्याची सिद्धता हाती असलेली ही संख्या चाचणीत इतकी लंगडी दिसते.

२२ सप्टेंबर

च्युडनोव्हस्की बंधूंच्या सूत्राने पायचे दीड कोटी दशांश अंक काढले. या सूत्राचे प्रत्येक पद सुमारे १४ नवे अंक देते, त्यामुळे साध्या संगणकालाही हे काम जड गेले नाही. पहिल्या दहा लाख अंकांत ० हा अंक ९९,९५९ वेळा, ५ हा १,००,३५९ वेळा आणि ६ हा ९९,५४८ वेळा येतो; ५ आणि ६ हे अंक अनुक्रमे सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेळा येणारे आहेत, आणि तरीही दहा हजारांत पन्नासाचाही फरक पडत नाही. चॅम्परनोनच्या संख्येला जे पन्नास-साठ लाख अंकांत साधले नाही ते इथे सहज दिसते, आणि सिद्धता मात्र काहीच नाही.

यानंतर दिलेल्या लांबीचे सर्व गट येऊन जाण्यासाठी किती अंक लागतात ते मोजले. सर्व एकेरी अंक ३२ व्या स्थानापर्यंत येतात (शेवटी ० येतो), दोन अंकांचे सर्व गट ६०६ व्या स्थानापर्यंत (शेवटी ६८), तीन अंकांचे ८,५५५ पर्यंत (शेवटी ४८३), चार अंकांचे ९९,८४९ पर्यंत (शेवटी ६७१६), पाच अंकांचे १३,६९,५६४ पर्यंत (शेवटी ३३३९४) आणि सहा अंकांचे १,४१,१८,३१२ पर्यंत (शेवटी ५६९५४०).

बिस्किटांच्या पुड्यांतून निघणारी चित्रे जमवणाऱ्या मुलाला शेवटचे एक-दोन चित्र मिळवताना जशी बरीच वाट पाहावी लागते, तसाच हा हिशेब आहे. अंक पूर्णपणे यदृच्छ असते, तर लागणाऱ्या अंकांचा सरासरी अंदाज दोन अंकी गटांसाठी सुमारे ५१९, तीनसाठी ७,४८५, चारसाठी ९७,८७६, पाचसाठी १२,०९,००० आणि सहासाठी १,४३,९३,००० असा येतो. पायचे प्रत्यक्ष आकडे या अंदाजापासून प्रमाण विचलनाच्या (सरासरीभोवती अपेक्षित असलेल्या चढउताराच्या मापाच्या) दीडपटीच्या आतच राहतात. ऑगस्टमधील काटकसरी क्रमिकेला जे १०१ अंकांत जमते, त्याला पाय ६०६ अंक घेते. पण फाशाने अंक काढले असते तरी साधारण तितकेच लागले असते.

६ ऑक्टोबर

मोजलेले आणि सिद्ध झालेले यांची वेगवेगळी मांडणी करण्यात आजचा वेळ गेला. पायच्या दशांश रूपाविषयी सिद्ध झालेले फारच थोडे आहे. ती अपरिमेय असल्याने किमान दोन अंक अनंत वेळा येतात. ते दोन कोणते, हेही सांगता येत नाही. झाइलबर्गर आणि झुडिलिन यांच्या २०२० मधील परिणामामुळे एवढे म्हणता येते की, पुरेशा दूरच्या कोणत्याही स्थानानंतर त्या स्थानक्रमाच्या सुमारे ६.१ पटींहून लांब अशी शून्यांची सलग रांग येणार नाही. म्हणजे लिउव्हिलच्या संख्येइतकी ती विरळ नाही. परंतु एका टप्प्यानंतर तिच्यात ७ हा अंक कधीच येत नसेल, ही शक्यता आजही कोणी खोडून काढलेली नाही. दोनच्या वर्गमुळाची स्थितीही फार निराळी नाही, जरी अ‍ॅडमचेव्स्की आणि ब्युझो यांनी २००७ मध्ये बैजिक (म्हणजे बीजातीत नसलेल्या) अपरिमेय संख्यांतील तुकड्यांची संख्या लांबीच्या कोणत्याही ठरावीक पटीला मागे टाकते, हे सिद्ध केले आहे.

जन्मतारखेचा दावा मात्र खरा आहे. आठ अंकांचे सर्व गट पायच्या पहिल्या १,८१,६७,४३,९१२ दशांश अंकांत आलेले आहेत, हे मोजून पाहिले गेले आहे. दहा अंकी गट सुमारे २४,१६४ कोटी अंकांत पूर्ण होतात, त्यामुळे मोबाइल क्रमांकाचा दावाही खराच ठरतो. यातील एकही गोष्ट संख्येच्या अनंतपणावरून काढलेली नाही. ती मोजणीने कळली आहे. ०१२३४५६७८९ हा गट पायमध्ये येतो का, हा प्रश्न ब्राउवर यांनी अनिर्णीत प्रश्नाचा नमुना म्हणून वापरला होता, आणि कानाडा यांच्या गटाच्या १९९७ मधील गणनेत तो १७,३८,७५,९४,८८० या स्थानी सापडला. ग्रंथाच्या दाव्याला हा मार्ग बंद आहे. छापील एका पानाचे अंक केले तरी ते हजारोंत जातात, आणि ते पान अपघाताने सापडण्यासाठी जितके अंक तपासावे लागतील ती संख्याच हजारो अंकी असेल. २०२२ मध्ये गाठलेले १०० लाख कोटी अंक म्हणजे केवळ पंधरा अंकी संख्या.

याच्या दुसऱ्या बाजूला बोरेल यांचा १९०९ चा सिद्धांत उभा आहे : जवळजवळ सर्व वास्तव संख्या प्रसामान्य आहेत, म्हणजे त्यांच्यात सर्व अंकगट योग्य प्रमाणात येतात. 'जवळजवळ सर्व' याचा अर्थ विद्यार्थ्यांनी सातच्या उदाहरणाने लिहून काढला. ० ते १ मधील ज्या संख्यांच्या पहिल्या स्थानी ७ नाही, त्यांची एकूण लांबी ०.९; पहिल्या दोन्ही स्थानी नाही, त्यांची ०.८१, पुढे ती शून्याकडे जाते. प्रत्येक अंकगटासाठी असेच करता येते, आणि असे गट मोजता येण्याजोगे (एकामागून एक क्रमांक देता येतील असे) असल्याने सर्व अपवाद एकत्र केले तरी लांबी शून्यच राहते. तरीही सात नसलेल्या संख्या मोजता न येण्याइतक्या आहेत. त्यामुळे पाय ही बहुसंख्यांपैकी आहे असे मानण्याला भक्कम आधार असला, तरी तेवढ्याने ती तशी आहे असे ठरत नाही. एका विद्यार्थ्याने अहवालात 'जवळपास निश्चित' असे लिहावे असा आग्रह धरला. मी तो मान्य केला नाही, कारण बोरेल यांचा सिद्धांत एकाही विशिष्ट संख्येविषयी काही बोलत नाही.

३ नोव्हेंबर

शेवटचा भाग पाय या संख्येविषयी नसून लेखनाच्या पायाविषयीचा, म्हणजे संख्या द्विमान, दशमान अशा कोणत्या पद्धतीत लिहिली जाते याविषयीचा आहे, कारण अंकगट संख्येत असतात असे आपण म्हणतो, पण ते तिच्या लेखनपद्धतीवरही अवलंबून असतात. स्टोनहॅम यांची एक संख्या घेतली : ३ च्या प्रत्येक घातासाठी, त्या घाताला २ च्या तितक्याव्या घाताने गुणून येणाऱ्या संख्येचा व्यस्त घ्यायचा आणि सर्वांची बेरीज करायची. पहिले पद एक भागिले २४, म्हणजे ३ गुणिले ८ चा व्यस्त. दुसरे पद ९ गुणिले ५१२ चा व्यस्त. ही संख्या द्विमान पद्धतीत प्रसामान्य असल्याचे सिद्ध झालेले आहे. मात्र सहाच्या पायात लिहिली, तर पहिल्या सहा पदांची बेरीज ७२९ व्या स्थानी संपते आणि सातवे पद इतके लहान असते की त्याचा पहिला अंक ८५१ व्या स्थानी उगवतो. गटाच्या गणनेत ७३० ते ८५० अशी सलग १२१ शून्ये नेमकी त्याच जागी मिळाली. पुढच्या प्रत्येक पायरीला ही रांग साधारण तिप्पट होते, आणि म्हणून सहाच्या पायात ही संख्या प्रसामान्य नाही, असे बेली आणि बोरवाइन यांनी दाखवले.

इथे समतोल ढळतो, पण एखादा गट कायमचा गैरहजर आहे असे यावरून म्हणता येत नाही. ती पायरी कॅसल्स यांच्या १९५९ च्या सिद्धांताने पूर्ण होते. तीनच्या पायात फक्त ० आणि २ वापरून लिहिता येणाऱ्या संख्यांचा कँटर संच घेतला, तर त्या संचावरील स्वाभाविक मापाच्या दृष्टीने (म्हणजे प्रत्येक स्थानी ० किंवा २ समान शक्यतेने निवडल्यास) त्यातील जवळजवळ प्रत्येक संख्या तीनचा घात नसलेल्या प्रत्येक पायात प्रसामान्य असते. म्हणजे अशा संख्येच्या दशांश रूपात अंकांत लिहिलेला प्रत्येक ग्रंथ अनंत वेळा येतो, आणि तीच संख्या तीनच्या पायात लिहिली की तिच्यात १ हा अंक एकदाही येत नाही. कॅसल्स यांच्या सिद्धतेतून अशी एखादी ठरावीक संख्या हाती येत नाही. तिचे अंक प्रत्यक्ष लिहून दाखवणारी रीत समजून घेऊन तिचे पहिले काही हजार अंक दोन्ही पायांत छापण्याचे काम पुढील सत्राच्या गटाकडे दिले आहे.